हिरामणकाकांची अर्धी झोप

आमच्या शेजारचे हिरामणकाका एका डोळ्यानं झोपतात. निदान तसा त्यांचा दावा आहे. दुपारचं जेवण झालं की ओसरीवर खाट टाकायची, दुपट्टा तिरपा करून एका डोळ्यावर बांधायचा आणि दुसरा सताड उघडा ठेवून पडायचं. आज डावा, उद्या उजवा.

"डॉल्फिन असाच झोपते," काका सांगतात. "अर्धा मेंदू झोपते, अर्धा जागा राह्यते. त्याले दम बी आठवनीनं घ्या लागते. पुरा झोपला तं खतम."

काकांनी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, पण उन्हाळ्यात त्यात म्हैससुद्धा नीट बुडत नाही. मागच्या वर्षी पुतण्यानं मोबाइलवर डॉल्फिनचा व्हिडिओ लावून दिला आणि माणूस हातचा गेला.

बाजारात मासे विकणारी बाई चुकून "डॉल्फिन मासा" म्हणाली, तर काका तिथंच उकिडवे बसले. "मासा नोको म्हनू, बाई. थो लेकराले दूध पाजते. तुहे झिंगे पाजतेत का?"

डॉल्फिनला दात असूनही तो चावत नाही, सबंध गिळतो, हे कळलं त्या दिवशी त्यांनी बसस्टँडवर अख्खा आलुबोंडा गिळून पाहिला. एका कंडक्टरनं पाठीत गुद्दा घातला तेव्हा तो बाहेर आला. डोळे पुसत काका म्हणाले, "तिखट जास्त होता." पुतण्यानं नागझिऱ्याच्या जंगलात नेलं, तर गाइडनं मोठ्या अभिमानानं झोपलेला वाघ दाखवला. काकांनी मान हलवली. "दोन्ही डोरे मिटून? कायचा राजा."

दुपट्टा नंतर आला. आधी काका नुसताच एक डोळा मिटून पडायचे. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले आणि मुलाची आई नेमकी ओसरीसमोरून गेली. बाईंनी पदर सावरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. ते लग्न जुळवताना माझ्या आईचा घसा बसला. मी तणतणत काकांकडे गेलो.

"काऊन असं करून राह्यले, काका?"

"मी तं झोपून होतो, बापू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दुपट्टा.

यंदा धान चुरायला, म्हणजे मळणीला, सुरुवात झाली आणि गावभर धूळ उडाली. शेवंताकाकींना, म्हणजे काकांच्या बायकोला, या दिवसांत दमा उचल खातो. दुपारी मी त्यांचा विळा परत करायला गेलो, तर काकी भिंतीला टेकून बसलेल्या, छातीतून सूं सूं आवाज येत होता. आणि आमचे डॉल्फिन खाटेवर दोन्ही डोळे मिटून घोरत होते. दुपट्टा घसरून नाकावर आला होता. माझं डोकंच फिरलं. मी खाट हलवणार, तोच काकींनी माझा हात धरला.

"नोको उठवू."

"तुमाले दम लागून राह्यला, अन् हे पाहा."

काकींनी पंप तोंडात धरून ओढला. जरा वेळानं बोलल्या, "मागच्या धानाच्या वक्ती राती मले लई दम लागला. हे झोपून होते, यायले समजलंच नाई. सकारी मी दवाखान्यात. मंग थो व्हिडिओ पाह्यला. डॉल्फिन बिमार पडला का बाकीचे त्याले खालून उचलून धरतेत मने, दम घ्याले. हे पाहून रडले. तवापासून मह्या पाठीले पाठ लावून रातभर बसून राह्यतेत. दुपारी डोरा लागते बिचाऱ्याचा."

काकींनी वाकून दुपट्टा हळूच वर सरकवला आणि नीट एका डोळ्यावर बसवला. त्या हातानंच काका दचकून जागे झाले. आधी काकींकडे पाहिलं, त्यांचा श्वास ऐकला. मग मी दिसलो.

"बापू, मी झोपलो होतो का?"

"नाई काका," मी म्हणालो. "एक डोरा उघडाच होता."

काकांनी समाधानानं मान हलवली आणि दुपट्टा सोडून दुसऱ्या डोळ्यावर बांधला.