उठविलेल्या नवव्या पाटाची हकीकत

श्री आदित्य समर्थ. जो मध्ये एके ठिकाणी बसून सर्वांस फिरवितो आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यासही थोडका का होईना उजेड पोचवितो, त्यास दंडवत घालून लिहिण्यास आरंभ केला. राज्यशक सत्त्याऐंशी, दुर्मुखनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. मजकूर नवव्या पाटाचा. लिहिणाराचे नाव विचारू नये. का विचारू नये ते पुढे कळेल.

ह्या राज्यात आकाशदप्तर म्हणून एक कचेरी आहे, आणि तिच्या दिवाणखान्यात नवग्रहांचे नऊ पाट कायम मांडलेले असत. हे नवग्रह पंचांगातले नव्हेत, सूर्याभोवती खरोखर फिरणारे. आणि कोणत्याही ग्रहाकडून जासूद यानाने कागद धाडला की तो त्या ग्रहाच्या पाटापुढे बसून मोठ्याने वाचावा, ऐकायला येईल त्यास ऐकू द्यावा, मग दप्तरी दाखल करावा, ऐसी वडिलांपासूनची रीत. ज्याचा पाट त्याचेच वाचन. ज्यास पाट नाही त्याचा कागद आला तर तो न उलगडता किरकोळीच्या रुमालात, म्हणजे दप्तर बांधायच्या फडक्यात, बांधावा, हीही रीतच. रीत चांगली की वाईट हे कोणी पुसले नाही, आम्हीही पुसले नाही, पगार घेतला आणि गाठी मारल्या.

पैकी नववा पाट सगुणाबाईंनी मिळविलेला. राज्यशक तिसात बाईंचे वय चोवीस, आकाशदप्तरी काचा तपासण्याचे काम करीत. काचेवर रात्रीचे आकाश उमटवावे, सहा रात्रींनी तेच आकाश दुसऱ्या काचेवर उमटवावे, आणि दोन्ही काचा शेजारी ठेवून ठिपका ठिपका ताडून पाहावा, असे ते काम. तारे जागचे हलत नाहीत, हलला तो ग्रह. बाईंनी अकरा महिने डोळ्यांत तेल घालून काचा पाहिल्या, आणि बाराव्या महिन्यात मोहरीएवढा एक ठिपका किंचित सरकलेला दिसला. तेव्हा श्रीमंतांनी बाईंस लुगडे-चोळी दिली, दिवाणखान्यात नववा पाट मांडविला आणि तोफखान्यातून तोफा सोडविल्या. मग बाईंनी वर्षानुवर्षे त्या ठिपक्याची पाठ सोडिली नाही, आणि एके दिवशी दरबारी अर्ज केला की, त्याचा रंग पालटतो आहे, पूर्वीपेक्षा तांबूस दिसतो, तरी तेथे काही घडते आहे, तो जिवंत आहे. शास्त्रीमंडळींनी नाक मुरडले. म्हणाले, इतक्या लांब, इतक्या थंडीत काय घडणार, बर्फाचा मेलेला गोळा आहे, खड्डे पडलेला, त्यास जिवंत म्हणणे हा बायकी कळवळा. हे शब्द बाईंच्या काळजाला लागले. त्या दिवसापासून बाईंस एकच ध्यास, की तो मेलेला की जिवंत हे डोळे मिटण्यापूर्वी कळावे.

शहात्तराच्या पौषात श्रीमंतांनी जासूद यान रवाना केले. देवघराएवढे धूड, आत माणूस नाही, आणि वेग ऐसा की तेथे पोचल्यावर थांबावे म्हटले तरी लगाम नाही. साडेनऊ वर्षे जावे, एक दिवस डोळाभर पाहावे आणि पुढे निघून जावे, मग पाहिले ते थोडे थोडे लिहून धाडावे, इतकेच त्याचे हाती. बाई निरोपास आल्या होत्या, वय सत्तर. यान दिसेनासे जाहले तरी हात जोडून उभ्याच होत्या.

मग सात महिन्यांनी, सत्त्याहत्तराच्या श्रावणात, आकाशात नवव्याच्या सरहद्दीकडे आणखी एक गोळा सापडला, तो नवव्याएवढाच. आणि एक अंड्याच्या आकाराचा, गरगर फिरणारा. आणि एक तांबडा. कारभारी मोरो त्रिमल यांणी डोक्याला हात लाविला. त्यांचे म्हणणे पडले की नवव्यास पाट, तर ह्यांसही पाट, उद्या पन्नास निघतील, तेव्हा दिवाणखाना वाढवायचा की काय. मग तीन दिवस सभा बसली आणि ठराव जाहला, की सूर्याभोवती फिरणे आणि अंगाने वाटोळे असणे एवढे पुरे नाही, ज्याने आपली वाट झाडून मोकळी केली तोच ग्रह. नवव्याच्या वाटेत कचरा फार, सबब त्याचा पाट उठवावा, त्यास बटुग्रह म्हणावे आणि नावाऐवजी नंबर द्यावा. नंबर एक लक्ष चौतीस हजार तीनशे चाळीस. तो वहीत कोणी चढविला म्हणाल, तर ह्याच हाताने. पाट अडगळीत नेऊन टाकिला. सगुणाबाई सभेच्या दारात उभ्या होत्या, त्या हसून बोलिल्या, एवढ्या मोठ्या अंगणात एकट्या पोराने झाडून झाडून किती झाडावे. मग कारभाऱ्यांकडे वळून इतकेच बोलिल्या:

"पाट न्या तुमचा. तो जिवंत आहे की नाही, तेवढे कळले की मला कळवा."

कारभारी बरे म्हणाले आणि जेवायला गेले.

नऊ वर्षे गेली. कारभारी पालटले, ठराव विसरला गेला, नंबर तेवढा वहीत राहिला. शहाऐंशीच्या आषाढात यान तेथे पोचले. बाई ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू पडलेला, पण दिवस मोजून बसल्या होत्या. तेव्हा दर सोमवारी काठी टेकीत दप्तरी येऊ लागल्या. येताना पदराच्या गाठीला फुटाणे आणीत, आमच्या हातावर मूठभर ठेवीत आणि विचारीत, "नवव्याचे काही आले का रे, बाबा?" आम्ही वही उघडीत असू. नवव्या पाटाचे पान कोरे. मग म्हणत असू, नाही बाई, नवव्यावर काही नाही. त्या म्हणत, लांब आहे, त्याचा आवाज यायलाच दीड प्रहर लागतो, वेळ लागेलच. आणि आम्हांलाच धीर देऊन जात. ऐसे छत्तीस सोमवार जाहले.

आणि त्या छत्तीस आठवड्यांत, वाचणारांनी ऐकावे, आमच्या चौकीवर दर दोन-चार दिवसांनी कागद येतच होते. माथ्यावर नंबर एक लक्ष चौतीस हजार तीनशे चाळीस. नंबरास पाट नाही. आम्ही ते न उलगडता घडी करून किरकोळीच्या रुमालात ठेविले आणि वरून गाठ मारिली. एका अंगाला बाई बसलेल्या, फुटाणे आमच्या तोंडात, आणि दुसऱ्या अंगाला गुडघ्यापाशी तो रुमाल. नंबर आम्हीच चढविलेला, पण नऊ वर्षांत कोणाचा ते विसरलो होतो. डोके लाविले असते तर कळते. डोके लावण्याचा हुकूम नव्हता म्हणावे, तर न लावण्याचाही नव्हता. कपाळ आमचे.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात एका सोमवारी बाई आल्या नाहीत. पुढच्या सोमवारीही नाही. मग कळले की वारल्या. आम्ही चुकचुकलो आणि कामाला लागलो.

वैशाखात कागदांस कसरीची कीड लागू नये म्हणून सारे रुमाल उन्हात घालतात. अंगणात गाठ सोडिली तो वारा सुटला, कागद उडाले, गोळा करता करता एक उलगडला आणि नजर पडली. वर लिहिले होते, सूर्यापासून नवव्याचा मुलूख. मग तेथेच उन्हात बसून एकामागून एक सारे वाचिले. तेथे डोंगर आहेत, आपल्या सह्याद्रीच्या दुपटीहून उंच, आणि ते पाण्याच्या बर्फाचे, त्या थंडीत पाणी पाषाणासारखे टणक होते. डोंगरांच्या पायथ्याशी पांढरे मैदान, हवेचाच बर्फ होऊन साचलेला, आणि त्या एवढ्या मैदानात खड्डा म्हणून एक नाही. जुनी जमीन असती तर दगड पडून पडून चाळणी जाहली असती. सबब ही जमीन नवी, अजून घडते आहे. मैदानावर चौकटी पडल्या आहेत, कारण पोटात अजून ऊब आहे, तिने बर्फ मधून वर येतो आणि कडेने खाली जातो, मंद आचेवर खीर हलावी तसा, फार फार सावकाश. काठाची जमीन तांबूस. माथ्यावर निळसर धुके. म्हणजे बाईंचे खरे होते. आम्हांस रडू आवरले नाही, आणि दप्तराच्या अंगणात माणूस रडताना पाहून शिपाई पाणी घेऊन आला.

मग अडगळीतून नववा पाट काढिला, पुसला, डोक्यावर घेतला आणि कागद उपरण्यात बांधून बाईंच्या घरी गेलो. दप्तरचा कागद बाहेर नेणे गुन्हा, म्हणून वर नाव लिहिले नाही. घरी बाईंची भाची वेणू होती. बाई ज्या पायरीवर बसत तेथे पाट मांडिला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो. वेणू दारात उभी राहून ऐकत होती. वाचून जाहल्यावर तिणे विचारिले, "म्हणजे जिवंत आहे?"

"आहे," आम्ही म्हणालो. "पहिल्याच आठवड्याच्या कागदात होते."

ती आत गेली आणि फडक्याची एक लहान पुडी घेऊन आली. म्हणाली, आत्याबाईंना उठवेना, तरी शेवटच्या सोमवारी फुटाणे भाजून घेतले आणि ही तुमच्यासाठी बांधायला लाविली. पोचवायची राहिली. आम्ही घरची माणसे वाईट वाटून बोललो होतो की इतक्या खेपा घातल्या, तो कारकून काही सांगत नाही, त्याला कसले फुटाणे. तर आत्याबाई म्हणाल्या:

"त्याला बोल लावू नका गं. त्याच्याकडे आले असते, तर त्याने मला सांगितल्यावाचून ठेवले असते का?"

यानाचा शेवटचा कागद काल आला. दर सोमवारी त्या पायरीवर पाट मांडून वाचीत होतो, तो आज सारा वाचून संपला. एकंदर हकीकत इतकीच, की नववा जिवंत आहे, पाट उठला तो उठलाच, सगुणाबाईंस कळले नाही. पुडी आमच्यापाशी आहे. तिची गाठ सोडविली नाही.