आउटसाइड लेफ्टचे साहेब

डॉब्सनसाहेबांनी पाच वर्षं मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा ‘आउटसाइड लेफ्ट’, म्हणजे फुटबॉलमधला डाव्या कडेचा गडी, कारण कुवेतमधल्या अहमदीतल्या तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये माझं टेबल डावीकडे, खिडकीला चिकटून होतं. दाराशी बसणारा दाऊद मुकादम गोलकीपर. त्याला चुकवून एक खिळासुद्धा बाहेर जाता कामा नये. मधोमध, पाइपांच्या रॅकपाशी असणारा धिप्पाड इब्राहिम परकार सेंटर हाफ. मी चिपळूणचा शिर्के, उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

“त्याने काय होतं?” साहेब म्हणाले. “मी पाहिलेले निम्मे आउटसाइड लेफ्ट तसेच होते.”

साहेब मात्र विलायतेतले अस्सल खेळाडू. तरुणपणी एका गिरणगावाकडून खेळले, गुडघा गेला, मग मॅनेजर झाले. चार क्लब केले आणि चारही ठिकाणी नारळ मिळाला. लोक मुलांच्या पदव्या सांगतात त्या थाटात ते हे सांगत. “पहिल्याने पत्र पाठवून काढलं, दुसऱ्याने तार करून. तिसऱ्याचं मला पेपरात वाचायला मिळालं. चौथ्याने नुसतं कुलूप बदललं.” कप मात्र एकही जिंकला नाही, हे ते जरा हळू आवाजात सांगत.

कुवेतला येऊन स्टोअर सांभाळू लागले तरी डोकं मैदानातच. जेवताना खजुराच्या बिया मांडून आम्हाला चाली शिकवत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की आमची टीम खेळायला उतरायची. मैदान म्हणजे वाळूवर कच्चं तेल शिंपडून रोलर फिरवलेला काळा पट्टा. आमचे रत्नागिरीकडचे वीर त्यावर अनवाणी धावत. साहेबांनी पदरच्या पैशाने अकरा जोड बूट आणले. वीरांनी ते अदबीने घेतले आणि गावी भावांना पाठवून दिले.

“दौडना नई, सोचना!” साहेब कडेने ओरडत.

“सोचत बसलाव त तिकडं गोल व्हईल!” इब्राहिम पळता पळता मला सांगे.

आणि एका वर्षी काय चमत्कार झाला कोण जाणे, आम्ही खात्यांच्या कपाच्या फायनलला पोचलो. समोर ड्रिलिंगवाले. मला एक गोष्ट ठाऊक होती, ती टीमला नव्हती. साहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि महिनाअखेर ते कायमचे घरी निघाले होते. कागद मीच टाइप केले होते.

“बोलू नकोस कुठे,” ते म्हणाले. “उगाच माझ्यासाठी खेळतील. माझ्यासाठी खेळून आजवर कोणी जिंकलेलं नाही.”

तारीख ठरवणाऱ्याने रमजान बघितला नव्हता. आमचे अकराच्या अकरा रोजेदार. त्यात रेफरीची गाडी वाळूत रुतली आणि सामना तासभर उशिरा सुरू झाला. मध्यंतरात साहेबांनी जुन्या सवयीने लिंबाच्या फोडींचा डबा उघडला, समोरचे चेहरे पाहिले आणि त्यांचे कान लालभडक झाले. “आउटसाइड लेफ्ट, हे लपव!” उपाशी टीम पोट धरधरून हसली.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो. तेवढ्यात सूर्य बुडाला आणि मशिदीतून अजान आली, रोजा सोडायची वेळ झाली. इब्राहिमने एकदा वर पाहिलं आणि परत चेंडूमागे धावला. कोणीच थांबेना.

साहेब उठले. खुर्चीखाली झाकून ठेवलेलं खजुरांचं ताट आणि पाण्याचा जग घेऊन, गुडघा ओढत, थेट मैदानाच्या मधोमध गेले. रेफरी शिट्ट्या फुंकत राहिला. टीमच्या माणसाने खेळ अडवला तर सामना समोरच्यांचा, असा नियम होता. साहेबांना तो ठाऊक नव्हता म्हणावं, तर त्यांनीच तो माझ्याकडून घोकून घेतला होता.

“साब, दस मिनट बाकी था!” इब्राहिम रडकुंडीला आला.

“इब्राहिम परकार,” साहेब म्हणाले आणि त्याच्या हातात खजूर ठेवला. “दाऊद मुकादम.” मग पुढचा, त्याच्यापुढचा. अकराही जणांची नावं, आडनावासकट, एकही न चुकता.

कप ड्रिलिंगवाल्यांनी नेला. दाऊदने माझ्याकडची लिंबं पाण्याच्या जगमध्ये पिळली आणि जिंकलेले, हरलेले, रेफरी, सगळे त्या काळ्या वाळूत बसून सरबत प्यायलो.

“एवढा हाताशी आलेला कप, साहेब!” मला राहवेना.

“एकदा जिंकण्यासाठी मी एका पोराला तापात खेळवलं,” ते म्हणाले. “तो सामना जिंकलो. तो परत कधी खेळला नाही. त्याचं नाव आठवायला बघतो, पण येत नाही. आउटसाइड लेफ्ट होता.” मग ग्लास माझ्यापुढे केला. “घे, शिर्के.”

मला फार भरून आलं. त्याच संध्याकाळी मी टीमला साहेब कायमचे जाणार असल्याचं सांगून टाकलं.

साहेब निघाले त्या दिवशी अकराही जण विमानतळावर हजर. पायात करकरीत फुटबॉलचे बूट, बाजारातून नवे घेतलेले. सवय नसल्याने सगळे लंगडत होते. साहेबांनी ते बावीस बूट एकेक करून पाहिले.

“दौडना नई...” त्यांनी सुरुवात केली.

“सोचना, साब,” इब्राहिम म्हणाला.