बोलावल्याबिगर न जाणारे अण्णा

आमच्या सावेडीच्या कॉलेजातले वाकचौरे अण्णा विंडोजच्या कॉम्प्युटरला 'अहो' म्हणायचे आणि लिनक्सच्या कॉम्प्युटरला 'बाळ'. लिनक्सवाला त्यांनी चार मोडक्या डब्यांचे भाग जोडून स्वतः उभा केला होता. "घरचं पोर आन् पाव्हना, फरक ठेवावा लागतो मास्तर," ते मला सांगत. मी तिथं शिकवायचो, लॅब अण्णांची.

मानपान हा त्यांचा जीव की प्राण. "बोलावल्याबिगर जायचं न्हाई" हे पालुपद. शिपायाच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण सगळ्यांच्या शेवटी मिळालं म्हणून गेले नाहीत. पाळण्याची दोरी मात्र आदल्या दिवशी स्वतः पोचवली होती.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. प्राचार्यांनी फर्मान काढलं : ऑफिसच्या विंडोज सर्व्हरवरचे मुलांचे फोल्डर शनिवारपर्यंत लिनक्सवर उघडले नाहीत, तर तुमचा डबा भंगारात. अण्णांचं तोंड उतरलं. लिनक्सला विंडोजशी बोलायला लावणारा सांबा नावाचा प्रोग्राम घालून चार दिवस झटापट केली, पण सर्व्हर ओळखच दाखवेना.

कारण सोपं होतं. आधी सर्व्हरपाशी जाऊन त्याच्या यादीत, म्हणजे डोमेनमध्ये, आपल्या कॉम्प्युटरचं नाव घालून घ्यावं लागतं. सर्व्हर होता ऑफिस सांभाळणाऱ्या शिंदेबाईंच्या खोलीत, वीस पावलांवर.

"अण्णा, जाऊन नाव घालून या ना."

"आमीच का जायाचं? येतील की इचारायला."

"अहो, तो सर्व्हर आहे. तो कुठं येणार?"

"मंग बसू द्या त्येंना."

शनिवारी सकाळी भंगारवाल्याची हातगाडी फाटकात शिरली. अण्णांनी ती खिडकीतून पाहिली, केसांवरून कंगवा फिरवला, शर्ट खोचला आणि तरातरा निघाले. मी मागोमाग. शिंदेबाईंपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या पोराचं नाव तेवढं तुमच्यात लिहून घ्या." बाईंनी हसू दाबून खुर्ची दिली, चहा मागवला. नाव घालायला मिनिटभर लागलं. लॅबमध्ये येऊन अण्णांनी कमांड दिली आणि सर्व्हरनं पोराला निमूट आत घेतलं. फोल्डर धडाधड उघडले, मुलांनी टाळ्या पिटल्या, मी तर अण्णांना मिठीच मारली.

अण्णा मात्र पडद्याकडे बघत बसले. "एवढंच हुतं व्हय," म्हणाले आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

"कुठं निघालात?"

"नेवाशाला, लेकीकडं. लग्नात व्याह्यांशी मानावरनं वाजलं. तवापासनं बोलावनं यायची वाट बघतोय. नातू पळाया लागला म्हनं. आमी अजून पाह्यला न्हाई."

स्टँडवर सोडायला मी स्कूटर काढली. अर्ध्या वाटेत त्यांनी मागून विचारलं.

"मास्तर, दोन वर्साच्या पोराला काय आवडत आसल?"