एक बिल्ला आणि दोन आघाड्या

नारायणगावच्या पुढं परदेशी द्राक्षं पाठवणारं एक पॅकहाऊस होतं आणि त्याच्या दारामागच्या खिळ्याला ॲल्युमिनियमचा एक बिल्ला टांगलेला असे. पॅकिंगला बसलेल्या बाईला लघवीला जायचं असलं, की तिनं हात वर करायचा, मुकादमानं मान हलवायची, मग तिनं बिल्ला गळ्यात घालून जायचं. बिल्ला खिळ्यावर परत आला, की पुढचीचा हात. बायका पुष्कळ होत्या, बिल्ला एकच. निर्यातीची द्राक्षं फार नाजूक असतात, त्यांना ताटकळत ठेवता येत नाही.

राजुरीच्या बयाबाईंना साखरेचा आजार होता. बिल्ल्याची वाट बघणं त्यांना जमत नसे. एकदा त्या तशाच उठून गेल्या, तेव्हा बहिरू मुकादम म्हणाला, "मावशी, पुन्यांदा असं झालं तर टोळीत येऊ नगा."

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या अंजनाला हे लागलं. अंजना कामगार संघटनेची शाखाचिटणीस होती. म्हणजे सभेआधी सतरंजी अंथरायची आणि सभेनंतर ती झटकून घडी घालायची. तिनं बायका गोळा केल्या आणि ठरवून टाकलं: गुरुवारी काम बंद. मागणी एकच, बिल्ला काढा.

संघटनेचे अध्यक्ष होते निवृत्त मुख्याध्यापक भगवंत सर. त्यांनी मागणी मनापासून मान्य केली आणि मग कपाळाला हात लावला.

"अंजनाबाई, गुरुवारीच जुन्नरला आपली फॅसिझमविरोधी परिषद. तिचाही अध्यक्ष मीच."

"मग शुक्रवारी करू की सर."

"शुक्रवारी परिषदेचा आढावा आहे."

दोन्ही लढे महत्त्वाचे. एकाला झुकतं माप देणं तत्त्वात बसेना. सबब दोहोंचा समतोल राखण्यासाठी समन्वय समिती नेमण्यात आली. समितीनं चहा घेत पुष्कळ विचार केला आणि निर्णय दिला, की संप आणि परिषद एकाच दिवशी व्हावी व संपावरच्या भगिनींनी परिषदेला बसावं. परिषदेला माणसं मिळतील, संपाला व्यापक भूमिका मिळेल.

"पर फॅसिझम म्हंजी काय वो सर?" बयाबाईंनी विचारलं.

"अगदी सोपं आहे. माणसानं उठायचं कधी, बसायचं कधी, हे दुसरा ठरवतो. आणि का म्हणून विचारायचं नाही."

"म्हंजी आमचं पॅकहाऊस."

"छे छे. ती स्थानिक बाब झाली. फॅसिझम फार मोठा असतो."

बयाबाई अंजनाच्या कानाशी लागल्या. "आपली अडचण लई बारकी पडली गं."

राजुरी, डिंगोरे, पिंपरी पेंढारच्या बायकांना जुन्नरला न्यायला टेंपो लागणार होते. टेंपो होते पॅकहाऊसचे. समितीचं शिष्टमंडळ मालकांना, सुदर्शनशेठना, भेटलं. शेठ दिलदार निघाले. त्यांनी टेंपो दिले, मेव्हण्याचं मंगल कार्यालय दिलं, वर गुरुवारी पॅकहाऊसला सुट्टीही जाहीर केली. सुट्टीच्या दिवशी संप कसा करायचा, असा मुद्दा समितीतल्या वकिलांनी काढला. मुद्दा बिनतोड होता. संप पुढं ढकलण्यात आला. आणि एवढं सगळं देणाऱ्याला आपल्याकडं नुसतं श्रोत्यांत बसवत नाहीत, म्हणून शेठ परिषदेचे स्वागताध्यक्ष झाले.

गुरुवारी कार्यालय भरलं. शाल, श्रीफळ, सत्कार यातच उन्हं डोक्यावर आली. मागच्या परिषदेत दुसऱ्या भाषणापर्यंत नुसत्या खुर्च्या उरल्या होत्या, त्यामुळे यंदा दाराला स्वयंसेवक उभे केले होते. पण बायकांची ये-जा काही थांबेना. पुण्याहून आलेल्या वक्त्यांची तंद्री मोडू लागली.

शेठ सरांकडं झुकून म्हणाले, "आमच्याकडं याला एक पद्धत आहे."

बहिरू पॅकहाऊसवर जाऊन बिल्ला घेऊन आला.

वक्ते इटलीतून निघून जर्मनीत पोचले तेव्हा बयाबाईंनी हात वर केला.

"बिल्ला भायेर गेलाय मावशी. बसा," दारातून बहिरू म्हणाला.

बयाबाईंनी हात खाली घेतला नाही. त्यांच्या मागच्या रांगेत आणखी दोघींचे हात वर झाले. नंबर जाऊ नये म्हणून हळूहळू सगळ्याच बायकांनी हात वर धरले. भाषण संपलं, सरांनी ठराव वाचला. "सत्तेच्या दडपशाहीला आमचा विरोध आहे. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत." मान वर करून बघतात तो हातांचं रान. सरांनी भारावून हात जोडले.

"प्रतिकूल?"

एकही हात खाली आला नाही. सर क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, "प्रचंड उत्साहात मंजूर."

इतक्यात बिल्ला परत आला. अंजनानं बयाबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग उठून बहिरूच्या हातातून बिल्ला काढून घेतला आणि बयाबाईंचा दंड धरला.

"एका बिल्ल्यावर दोघी? कुणाला इचारून?" बहिरूनं वाट अडवली.

"ठराव झाला न्हवं आत्ता? हात तर तूबी वर केलावता."

बहिरूनं केला होता. स्वागताध्यक्षांनी केला म्हणून. तो बाजूला झाला. मागून सगळ्या बायका उठल्या.

"भगिनींनो, बसून घ्या," सर माइकवरून विनवत होते, "दडपशाहीवरचं मुख्य भाषण अजून व्हायचंय."

अंजना परतली तेव्हा तिच्या हातात बिल्ला नव्हता. कार्यालयाच्या संडासाचा शोषखड्डा खोल होता.

शुक्रवारी पॅकहाऊसच्या खिळ्यावर काहीच नव्हतं. बायका उठत होत्या, जाऊन येत होत्या. मान कुणाकडं बघून हलवायची ते बहिरूला समजेना. बयाबाई टोळीतच राहिल्या. द्राक्षंही वेळेवर विलायतेला गेली.

समन्वय समिती मात्र अजून बसते आहे. झालं ते कुठल्या आघाडीच्या खात्यात घालायचं, संपाच्या की परिषदेच्या, याचा निकाल लागत नाही, आणि तो लागेपर्यंत नव्या बिल्ल्याला विरोध करता येत नाही. नवा बिल्ला शेठनी पितळेचा करायला टाकलाय.

आता तुम्हीही हे वाचता वाचता मध्येच एकदा उठला असाल. कुणाला न विचारता गेलात, येऊन पुन्हा बसलात. ही बाब तुमच्या मते स्थानिक की व्यापक, तेवढं समितीला कळवा. अंजनाला घाई आहे. बयाबाईंना तर तिच्याहून जास्त.