भोयर सर आणि पिहूचं नाक

भोयर सर माणूस भेटला की आधी त्याचे खांदे बघतात, मग चेहरा. पारशिवनीच्या शाळेत त्यांनी जन्मभर पीटी शिकवली. आता निवृत्त होऊन नागपुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी गॅसचं सिलिंडर उचललं, स्कूटरला किक मारली, एवढंच काय, वाकून चपला घातल्या, तरी जिन्यातून आवाज येतो, "फॉर्म चुकला गा तुझा." सरांच्या मते जगातली निम्मी दुखणी फॉर्म चुकल्याने, म्हणजे अंग चुकीचं धरल्याने होतात.

उरलेली निम्मी स्टेरॉईडने. तालुक्याच्या एका व्यायामशाळेत कुणीतरी पोरांना अंग फुगवायची इंजेक्शनं दिली होती. तेव्हापासून सर हा शब्द शिवीसारखा वापरतात. डावीकडून ओव्हरटेक करणारा स्टेरॉईडवाला. दुधावर नको तितकी जाड साय आली, तर दूधवालाही स्टेरॉईडवाला.

सरांची नात पिहू आठ वर्षांची. तिचे आईबाबा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने कामाला, त्यामुळे शाळा असली की ती आजोबांकडेच. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही सगळ्यांनी कूलर बाहेर काढले, त्यांच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या झटकल्या, आणि पिहूच्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. सरांनी आधी शिंकेचा फॉर्म दुरुस्त करून पाहिला. मग ओव्याची पुरचुंडी, मग वाफ, मग गच्चीवर दोरीवरच्या उड्या. नाक बंद ते बंदच.

"तोंड काहून उघडं ठेवून राहिली वं? बंद कर."

"आबाजी, मग श्वास कुठून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "गाडी काढ."

सदर भागातल्या डॉक्टरबाईंनी पिहूला तपासलं. ॲलर्जीने नाक आतून सुजलंय म्हणाल्या आणि रोज मारायचा फवारा लिहून दिला. खाली औषधाच्या दुकानात सरांनी चष्मा लावून खोक्यावरचं वाचलं, खोकं तिथेच काउंटरवर ठेवलं आणि पिहूचा हात धरून पुन्हा वर गेले. मी मागोमाग.

"मॅडम, लहान पोरीले स्टेरॉईड?"

"सर, बॉडी बनवायचं ते औषध निराळं. हे फक्त नाकातली सूज उतरवतं. नाकातच काम करतं, अंगात फार थोडं जातं."

"पोरीची वाढ थांबली तं?"

बाईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "उंचीच्या वेगावर थोडा फरक पडू शकतो. म्हणून तर कमीत कमी डोस देतेय. अधूनमधून उंची बघू, गरज संपली की कमी करू. पण तुम्ही आपल्या मनाने वाढवायचं नाही आणि मनाने बंदही करायचं नाही. आजच्या आज नाक मोकळं होणार नाही, काही दिवस रोज घ्यावं लागेल. नाकातून रक्त आलं तर थांबा आणि मला फोन करा."

मग त्यांनी मारायची पद्धत दाखवली. मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने. जोरात ओढायचं नाही.

सर एकटक बघत होते. जिना उतरताना हळू आवाजात म्हणाले, "याच्यात फॉर्म आहे गा."

त्या दिवसापासून रोज सकाळी वरून हुकूम ऐकू येऊ लागला, "मान खाली. हात बदल. कानाकडे. हळू." शेजारच्या बाईंनी आपल्या मुलासाठी तीच बाटली मागितली, तेव्हा सर म्हणाले, "बाई, पोराले आधी डॉक्टरले दाखवा. दुसऱ्याचे स्पाइक्सचे बूट घालून कोणी पळते का?"

उंचीचं मात्र त्यांनी फारच मनावर घेतलं. डॉक्टरबाईंनी 'अधूनमधून' म्हटलं होतं, सर सकाळ-संध्याकाळ मोजू लागले. एका संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखतच डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, पोरगी सकाळपासून कमी झाली."

"सर, दिवसभर उभं राहून सगळेच संध्याकाळी जरा कमी होतात. तुम्हीसुद्धा."

सरांनी स्वतःला मोजलं. मग मला मोजलं. मग फोनवर म्हणाले, "बरोबर आहे."

हळूहळू पिहूच्या शिंका कमी झाल्या. तोंड मिटलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा फिकी झाली.

परवा दुपारी टाकीत पाणी चढलं का विचारायला मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. पिहू पलंगावर गाढ झोपली होती आणि सर बाजूला खुर्ची घेऊन तिच्याकडे बघत बसले होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"सर, तुम्ही पण पडा ना थोडं," मी हळूच म्हणालो. "आता बरी आहे ती."

"बरीच आहे." "आधी घोरत होती तं बाहेरच्या खोलीत समजत होतं. आता आवाजच नाही येत."

मी दाराशीच उंबऱ्यावर बसलो.

"तिची आजी गेली, त्या दिवशी अशीच झोपली होती दुपारची. मी बाहेर पेपर वाचून राहिलो होतो. मले वाटलं, शांत झोप लागली तिले."

तेवढ्यात पिहूने झोपेतच कूस बदलली आणि पलीकडे तोंड केलं. सर उठले, आवाज होऊ नये म्हणून खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पलंगाच्या त्या बाजूला नेली, आणि तिचा चेहरा दिसेल अशी ठेवून पुन्हा बसले.