कबुतरांची सीडी

बायकोची मानसशास्त्राची ऑनलाइन तोंडी परीक्षा चारला होती, आणि नवऱ्याने दुपारी जेवून उठल्यावर कॉम्प्युटर अपडेट केला. ऐनवेळी दगा नको म्हणून. कॉम्प्युटरने ऐनवेळेची वाटही पाहिली नाही. आवाजच गेला.

पन्नाशी उलटल्यावर बाई पदवीला बसल्या होत्या. दोन वर्षं पहाटे उठून वाचलं होतं. आज हुकलं तर वर्ष वाया.

"मी आपली फोनवरून देते."

"एवढा धडधाकट कॉम्प्युटर घरात असताना? पाच मिनिटांत करतो."

गृहस्थ बत्तीस वर्षं गोदामाचा स्टोअरकीपर. हातातलं काम अर्धवट टाकलं तर त्याला अन्न गोड लागत नसे. शोधाअंती कळलं की, जुन्या साउंड कार्डाला नव्या सिस्टिममध्ये ड्रायव्हरच, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रामच, नाही. तो नव्याने टाकावा म्हणून आधी तो कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरांच्या यादीतली बिघडलेली ओळ पुसायला गेला. पुसली ती नेमकी खालची, इंटरनेटची. इंटरनेटही गेलं. आता ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला त्याचा स्वतःचा ड्रायव्हर हवा, जो इंटरनेटवर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"तुझा फोन दे, त्यावरून इंटरनेट घेतो."

"फोन सोडून काय ते मागा."

"मग कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी कुठंय?"

"बाल्कनीत. कबुतरं हाकलायला तुम्हीच टांगलीत. म्हणालात, हल्ली सीडी कोण वापरतं."

त्याने स्टुलावर चढून सुतळी कापली. कठड्यावरची दोन कबुतरं शांतपणे बघत होती. सीडी साबणाने धुतली, बनियनने पुसली. पण सीडीचा कप्पा काही केल्या उघडेना. बायकोच्या केसातली पिन सरळ करून, ती कप्प्याच्या बारीक भोकात घालायला तो टेबलाखाली आडवा झाला.

"दहा मिनिटं राहिली. देऊ का फोनवरून?"

"आज याला सोडत नाही मी."

ती आतल्या खोलीत गेली. रुसली असेल, असं त्याने धरलं. मधे दार वाजलं, तेव्हा तो टेबलाखालूनच ओरडला, "झालंच."

सीडी दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा ऐकली. चार पंचवीसला कॉम्प्युटर टिंग करून वाजला.

"ये, आला आवाज."

"परीक्षा झाली," ती दारातून म्हणाली. "फोनवर."

तो मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे मी उगीच मेलो."

"उगीच कसं? त्यांनी विचारलं, हट्टी स्वभावाचं रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या. मी दार उघडून फोन टेबलाकडे वळवला. तुमचे पायच दिसत होते, पण तेवढे पुरले."

"मग?"

"मग विचारलं, यावर उपाय काय? म्हटलं, उपाय नाही, सर. शेजारच्या खोलीत जाऊन आपलं काम उरकायचं. पास म्हणाले."

त्याने सरळ केलेली पिन टेबलावर ठेवली. मग न राहवून त्याने विचारलं, "पण फोनवर आवाज नीट येत होता का?"

"अगदी स्वच्छ. तुमचं 'झालंच' तर त्यांनी लिहून घेतलं."