मार्क्टप्लात्स क्रमांक एक

२००१ च्या एप्रिलात गुरुदत्त हा चिपच्या कारखान्यातला इंजिनिअर ड्रेस्डेनजवळच्या बाल्केनाऊ गावी राहायला आला आणि पत्त्याची नोंदणी करायला राटहाउसात, म्हणजे नगरपालिकेत, गेला. त्याची खोली होती बाजारचौकात, मार्क्टप्लात्स ११ इथे. नोंद घेणाऱ्या फ्राऊ लिंडनर यांनी एकाचा आकडा एकदाच दाबला.

मार्क्टप्लात्स १ म्हणजे गावाचे संस्थापक बाल्टाझार क्रुम यांचं ओंडक्यांचं घर. तिथे आता संग्रहालय होतं.

"चूक झालीय," गुरुदत्त म्हणाला.

फ्राऊ लिंडनर यांनी संगणकात पाहिलं. "नाही. तुम्ही तिथेच राहता."

"तिथे कुणीच राहत नाही!"

"श्रीयुत क्रुम राहतात. घर सोडल्याचं त्यांनी कळवलेलं नाही."

"अहो, ते वारून तीनशे वर्षं झाली!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि कळवायची मुदत एक आठवडा." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "पत्ता बदलायला घरमालकाची सही आणा."

तेवढ्यात पुण्याहून बायकोच्या, विभावरीच्या, व्हिसाचं निघालं. लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि नवराबायको फोनवरच संसार करत होते. बायकोला आणायचं तर नोंदलेल्या घराची पाहणी आवश्यक होती. गुरुदत्तने मुकाट्याने गादी, बादली आणि कुकर उचलून ओंडक्यांच्या घरात मांडला.

पाहणीला आलेल्या श्रीयुत टीमे यांनी क्रुम यांचा पलंग मोजला. "दोघांना पुरेसा. याच्यावर नऊ मुलं जन्मली आहेत." शिक्का बसला. पुरातत्त्व खात्याचंही पत्र आलं: खिळा ठोकू नये, वीज वापरू नये, शक्यतो खोकू नये.

विभावरी आली. दारात उभी राहून तिने आत पाहिलं.

"अहो, हे घर आहे की गोठा?"

"हेरिटेज आहे."

"आणि संडास?"

"तिकीटघराच्या मागे. दहा ते पाच."

ती इतकी हसली की ओंडक्यांतली धूळ पडली. त्याची स्वतंत्र नोटीस आली.

मग तिने संस्थापकांची चूल पेटवली आणि पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडताच शाळेची सहल धावत आली. गाइडने सांगितलं, क्रुम घराण्यात हाच नाश्ता असे. मुलांनी वहीत लिहून घेतलं. पुढल्या वर्षी संग्रहालयाला अस्सलपणाचं पारितोषिक मिळालं आणि महापौरांनी विभावरीला लाकडी चमचा अर्पण केला.

त्याच आठवड्यात फ्राऊ लिंडनर धावत आल्या. "चूक सापडली! तुम्ही अकरा नंबरला राहता! आजच जा!"

महापौरांनी हात आडवा केला. "पुरातत्त्व खात्याच्या मंजुरीशिवाय इथली कुठलीही वस्तू हलवता येत नाही."

अर्ज अजून विचाराधीन आहे. युरोपच्या टूरवर तुम्हीही तिथे उतरला होतात. चुलीपाशी बसलेल्या बाईने "या ना, बसा, चहा टाकते" म्हटलं. तुम्ही "नो थँक यू" म्हणालात, फोटोत मध्ये येतेय म्हणून तिला जरा बाजूला सरकवलंत आणि बसमध्ये येऊन सांगितलंत, "जर्मन लोकांनी आपली संस्कृती कशी जपलीय बघा!"